पडद्यामागील रचनाकार : डॉन रेडमन

मोठ्या जॅझ-बँडची जुनी ध्वनिमुद्रिका लावली कीं एक गंमत हमखास ऐकूं येते. तीन-चार सॅक्सोफोन मिळून एक ओळ म्हणतात, आणि ती संपते न संपते तोंच ट्रंपेट व ट्राँबोन तिला उत्तर देतात. कीर्तनांत बुवांनीं चरण सोडावा व टाळकऱ्यांनीं तो झेलावा, तसाच हा प्रकार. हा सवालजवाब कागदावर बसविणाऱ्यांत अग्रगण्य असा जो डॉन रेडमन, त्याचें नांव मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

वेस्ट व्हर्जिनियांतील पीडमाँट या लहानशा गांवीं २९ जुलै १९०० रोजीं तो जन्मला. देहानें ठेंगणा, पण फुंकून वाजवावयाचीं बहुतेक वाद्यें त्याला बालपणींच वश झालीं होतीं. १९२३ सालीं न्यूयॉर्कमध्यें फ्लेचर हेंडरसनच्या बँडांत तो शिरला.

न्यू ऑर्लीन्सकडील जुन्या जॅझमध्यें पांच-सहा वादक एकाच वेळीं आपापल्या स्फूर्तीनें वाजवीत. दहा-अकरा जणांनीं तसें केलें तर केवळ गलका व्हावयाचा! रेडमननें वाद्यांचे ताफे पाडले, प्रत्येकाचें काम लिहून दिलें आणि मधून मधून एकट्या वादकाला रान मोकळें ठेवलें. तरीहि आरंभीच्या या रचना कांहींशा ताठरच होत्या. १९२४ सालीं लुई आर्मस्ट्राँग बँडांत आला. त्याच्या कॉर्नेटची लवचीक चाल रेडमननें कानांत सांठविली आणि सबंध ताफ्याच्या लेखनांत उतरविली. १९२५ सालची ‘शुगर फूट स्टॉम्प’ ही ध्वनिमुद्रिका ऐकावी, म्हणजे हा पालट ध्यानांत येईल.

मग श्रेय कोठें गेलें? ध्वनिमुद्रिकेवर ठळक नांव असे तें बँडच्या नायकाचें. १९२७ सालीं रेडमन डेट्रॉइटच्या ‘मॅकिनीज कॉटन पिकर्स’ या बँडचा दिग्दर्शक होऊन गेला. मागें हेंडरसन स्वतः रचना करूं लागला, आणि त्याच्या रचना वाजवून १९३५ सालीं बेनी गुडमन या गोऱ्या वादकाला देशभर कीर्ति लाभली. हेंडरसननें श्रेय लाटलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. तोहि उत्तम रचनाकार होता. परंतु पायवाट कोणीं पाडली हें लोक विसरले खरे.

१९३१ सालीं रेडमननें स्वतःचा बँड उभारला. त्याची ‘चँट ऑफ द वीड’ ही रचना आजहि चमत्कारिक वाटते. नाचणाऱ्यांचे पाय अडखळावेत अशीं तिचीं वळणें आहेत. १९४० सालीं तो बँड मोडला. महायुद्ध संपल्यावर १९४६ सालीं त्यानें अमेरिकन वादकांचा ताफा युरोपांत नेला. पुढें तो पर्ल बेली या गायिकेचा संगीत-दिग्दर्शक झाला, आणि ३० नोव्हेंबर १९६४ रोजीं न्यूयॉर्क येथें निवर्तला.