हळू आवाजांतला विनोद



गेल्या महिन्यांत माझ्या मुलीच्या घरीं एक अमेरिकन चित्रपट पाहण्याचा योग आला. तो संपल्यावर जांवईबापू मला म्हणाले, "नाना, हा विनोदी चित्रपट आहे म्हणतात. आपल्याला हंसूं आलें का?" मीं म्हटलें, "आलें. पण प्रसंग होऊन गेल्यावर पांच मिनिटांनीं आलें." या उशिरानें येणाऱ्या हंशाविषयींच आज चार शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

चित्रपटाचें नांव 'कुकीज् फॉर्च्यून'. रॉबर्ट ऑल्टमन या दिग्दर्शकानें तो १९९९ सालीं काढला. कथा अॅन रॅप या बाईंनीं लिहिली. ऑल्टमनचा विषय निघाला म्हणजे जाणते लोक 'मॅश' (१९७०), 'नॅशव्हिल' (१९७५) किंवा 'गॉसफर्ड पार्क' (२००१) यांची आठवण काढतात. या चित्रपटाचें नांव क्वचितच कोणाच्या ओठीं येतें. माझ्या मतें हा त्याच्यावर अन्याय आहे. तो अन्याय कां झाला हेंही उघड आहे: हा चित्रपट मोठ्यानें बोलत नाहीं.

कथा घडते मिसिसिपी संस्थानांतील होली स्प्रिंग्स या लहानशा गांवीं, ईस्टरच्या सणांत. चित्रीकरणही तेथेंच झालें. कुकी ही वृद्ध विधवा आपल्या दिवंगत नवऱ्याच्या आठवणीनें झुरत आहे. विलिस नांवाचा कृष्णवर्णी गृहस्थ तिच्या घराची व्यवस्था पाहतो. परंतु त्यांचें नातें धनीण आणि नोकर यांचें नाहीं. एकमेकांना टोमणे मारण्याचा हक्क मिळविलेल्या जुन्या स्नेह्यांचें आहे.

आरंभींचा प्रसंग पाहा. रात्रीची वेळ. विलिस गुत्त्यांतून बाहेर पडतांना मद्याची एक लहान बाटली गुपचूप खिशांत घालतो, अंधाऱ्या रस्त्यानें चालत एका मोठ्या घराशीं येतो, खिडकींतून आंत शिरतो आणि बंदुकांचें कपाट उघडतो. आपण श्वास रोखून बसतों. इतक्यांत म्हातारी जिना उतरून येते, आणि दोघांचें नेहमींचें बोलणें सुरू होतें! बंदुका साफ करून देण्याचें त्यानें कबूल केलें होतें, तें वचन तो पाळीत होता, इतकेंच. येथें फजिती कोणाची झाली? विलिसची नव्हे, कुकीचीही नव्हे. फजिती झाली ती पाहणाराची. काळा माणूस, रात्र आणि खिडकी एवढ्यावरून आपण निकाल देऊन मोकळे झालों होतों. आणि ती बाटली? तिच्या जागीं दुसरी बाटली तो नंतर नेऊन ठेवतो. तिकडे लक्ष वेधण्याची दिग्दर्शकाला गरज वाटत नाहीं.

हें पाहतांना मला माझ्या नोकरींतील एक दिवस आठवला. वर्गाच्या फीचे पैसे टेबलावरून नाहींसे झाले. मीं चाळीस मुलांतून एकालाच दप्तर उलटें करावयास सांगितलें. कां? तर त्याचा सदरा फाटका होता. पुढें ते पैसे हजेरीपटाच्या पुठ्ठ्यांत, माझ्याच हातून सरकलेले, सांपडले. तो मुलगा म्हणाला, "बरें झालें, मास्तर, आपली काळजी मिटली." तो मनापासून बोलला कीं मला टोला दिला, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाहीं.

मूळ कथेकडे वळूं. नवऱ्याच्या विरहानें कंटाळलेली कुकी एके दिवशीं स्वतःवर गोळी झाडून घेते. तिची भाची कॅमिल प्रथम तेथें पोंचते. तिला दुःख होत नाहीं. तिला काळजी पडते ती अब्रूची. आपल्या घराण्यांत आत्महत्या? लोक काय म्हणतील? ती कुकीची शेवटची चिठ्ठी चक्क खाऊन टाकते आणि चोरानें खून केल्याचा देखावा उभा करते. येथें शीर्षकांतील श्लेष ध्यानांत येतो. अमेरिकेंतील चिनी खाणावळींत 'फॉर्च्यून कुकी' म्हणून एक बिस्किट देतात. त्यांत भविष्य लिहिलेली कागदाची पट्टी असते. लोक बिस्किट खातात आणि पट्टी वाचतात. कॅमिल चिठ्ठीच गिळते, आणि तिचें भविष्य तेथेंच ठरतें. पण हा श्लेष कोणी पात्र बोलून दाखवीत नाहीं. आमच्या पिढीला कोटीवर कोटी आणि तिच्यामागून टाळी ऐकण्याची संवय. म्हणून अशी मुकी कोटी पटकन् दिसत नाहीं.

बंदुकांवर ठसे अर्थातच विलिसचे निघतात, आणि त्याला अटक होते. बाहेरून आलेला तपास-अधिकारी पुरावा विचारतो. गांवचा पोलीस अधिकारी लेस्टर शांतपणें सांगतो कीं विलिस निर्दोष आहे, कारण आपण त्याच्याबरोबर मासे धरावयास गेलों आहों! कायद्याच्या दृष्टीनें हा पुरावा शून्य. परंतु गळ टाकून तासन् तास शेजारीं बसलेल्या माणसाला जें कळतें तें ठशांवरून कळत नाहीं, हेंही खोटें नव्हे. पुढें तर कोठडीचें दार उघडेंच राहतें. एमा ही कॅमिलच्या बहिणीची मुलगी विलिसला सोबत म्हणून आपण होऊन तुरुंगांत राहावयास येते. तिच्या नांवावर गाडी भलत्या जागीं उभी केल्याच्या दंडाच्या पावत्या पडून आहेतच. तेव्हां कारणही तयार! नेड बीटीनें लेस्टरचें काम असें केलें आहे कीं आपण कांहीं गमतीचें बोलत आहों याचा त्याला पत्ताच नसावा.

विनोदी गोष्ट गंभीर चेहऱ्यानें सांगावी, तींत कांहीं हंसण्यासारखें आहे अशी शंकाही सांगणारानें दाखवूं नये, असें मार्क ट्वेन यानें १८९५ सालच्या एका लेखांत म्हटलें आहे. दक्षिणेकडील संस्थानांतील बोलण्याची रीत पुष्कळशी याच जातीची. लांबलेले स्वर, सावकाश बोलणें, आणि विषारी वाक्यही अदबीनें उच्चारणें! कुकीचें काम करणारी पॅट्रिशिया नील ही त्याच भागांत वाढलेली. १९६५ सालीं मेंदूंतील रक्तस्रावामुळें तिची वाचा गेली होती. ती पुन्हां बोलावयास शिकली. या चित्रपटांत ती शब्द तोलून टाकते तेव्हां त्यामागचे कष्ट आठवतात.

आतां एक आक्षेप. होली स्प्रिंग्स हें आयडा वेल्स हिचें जन्मग्राम. १८६२ सालीं गुलामगिरींत जन्मलेल्या या स्त्रीनें जमावानें काळ्या लोकांना ठार मारण्याच्या प्रथेविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालविली. याच मिसिसिपींत १९५५ सालीं एमेट टिल या चौदा वर्षांच्या मुलाची हत्या झाली आणि गोऱ्या पंचांनीं आरोपींना सोडून दिलें. तेथें गोऱ्या बाईच्या खुनाच्या आरोपावरून पकडलेल्या काळ्या माणसाच्या कोठडीचें दार उघडें राहतें, हें दाखविणें म्हणजे इतिहासावर साखर पेरणें नव्हे काय? मीं यावर पुष्कळ विचार केला. आक्षेप सर्वस्वी पोकळ नाहीं. परंतु विलिसला अटक होतांच आपल्या पोटांत जो गोळा उठतो, तो त्या इतिहासामुळेंच उठतो. तो गोळा आपण घरून आणतों, आणि त्याच्याशेजारीं चित्रपट तें उघडें दार ठेवतो.

दोष आहेत. वाइल्डचें 'सालोमी' हें नाटक कॅमिल गिरजाघरांत बसवीत आहे, तो भाग फार ताणला आहे. शेवटीं नात्यांचीं रहस्यें एकामागून एक उलगडतात तीं जरा घाईनें. तथापि कॅमिलची गति पाहण्यासारखी होते. कुकीनें आत्महत्या केली नाहीं, असें सांगण्याचा पाठ तिनें आपल्या भोळ्या बहिणीकडून घोटून घेतलेला असतो. खुनाचा संशय स्वतः कॅमिलवरच येतो तेव्हां खरें बोलून तिला सोडवूं शकणारी ती एकच साक्षीदार. आणि ती बहीण पढविलेला धडा अक्षरशः म्हणून दाखविते! घोकंपट्टीचा असा नतीजा मीं शाळेंतही पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा घेतां घेतां जांवईबापू एकाएकीं हंसूं लागले. मुलीनें विचारलें, "अहो, काय झालें?" त्यांनीं कपबशी खालीं ठेवली आणि म्हणाले, "अग, दार उघडेंच होतें कीं!"