यंत्र जोखायचं, बाई नाही

(कष्टकरी स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘स्त्रिया आणि तंत्रज्ञान’ असं छापलं आहे. एवढा मोठा विषय माझ्या आवाक्यातला नाही. मी सुतारकाम करते, म्हणून एका यंत्राबद्दलच बोलणार आहे. ते आम्ही आठ दिवस वापरून पाहिलं आणि विकत घ्यायचं की नाही यावर आम्ही नऊजणी दोन रात्री भांडलो. ते भांडण तुमच्यापुढे ठेवते, कारण उद्या तुमच्या गटातही ते होणार आहे. यंत्र वेगळं असेल एवढंच.

या यंत्राला टेबल सॉ म्हणतात. साइटवर कुणी टेबल कटर म्हणतं, कुणी नुसतं मशीन. सपाट टेबल, त्यातल्या चिरेतून वर आलेलं गोल पातं आणि बाजूला सरकवता येणारी सरळ पट्टी. या पट्टीला फेन्स म्हणतात. फळी फेन्सला टेकवून पुढे ढकलली की सरळ चिरत जाते. वखारीतलं असं यंत्र जागचं हलत नाही. आम्ही पाहिलं ते हातात उचलून बांधकामावर न्यायचं होतं. वजन २२ किलो, पातं सव्वाआठ इंची, मोटर १८५० वॅटची.

दुकानात आम्ही तिघी गेलो होतो. दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, “मिस्त्री आले नाहीत का?” मी म्हटलं, “आम्हीच मिस्त्री.” मग त्याने दुसरं सांगितलं, “ताई, हे बायकांना झेपणार नाही.”

‘झेपणार नाही’ हे शब्द आपण किती ऐकले आहेत! नांगराला बाईने हात लावायचा नाही. कुंभाराच्या घरात माती मळायची बाईने, पण चाकावर बसायचं पुरुषाने. माझ्या सासरी सुतारकाम होतं. लग्नानंतर अकरा वर्षं मी काचपेपर घासला, पॉलिश केलं, भुसा झाडला. करवतीला हात लावला तो नवरा गेल्यावर, पोटासाठी. तेव्हा ती मला झेपली, आणि झेपली याचं कुणाला नवलही वाटलं नाही, कारण दुसरा इलाज नव्हता.

तर झेपण्याचा हिशोब आम्ही काट्यावर केला. आमच्यातली एक आधी स्लॅबच्या कामावर बिगारी होती. तिने साइटवरचं ओल्या मालाचं घमेलं वजनकाट्यावर ठेवलं. भरलं १९ किलो. अशी घमेली ती दिवसभर डोक्यावरून वर नेत होती. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८च्या केंद्रीय नियमांत बाईने एकटीने ३० किलोपेक्षा जास्त वजन उचलू नये असं लिहिलं होतं. पुरुषासाठी ती मर्यादा ५५ किलोची. पण घमेलं मोजायला कधी कुणी काटा आणला नाही. आठ बाय चारचा १८ मिलिमीटरचा प्लाय घ्या. तो तीस-पस्तीस किलोच्या घरात जातो. त्याचं एक टोक धरायला बाई चालते. यंत्राचं वजन मात्र यंत्राला हात लावायची वेळ आल्यावरच आठवतं.

तरी त्या दुकानदाराला मी अगदीच खोटं ठरवणार नाही. वजन किलोत असतं तसं ते धरायला जागा कुठे आहे यातही असतं. घमेलं डोक्यावर बसतं. हे यंत्र कडेला लटकतं आणि जिना चढताना गुडघ्यावर आदळतं. चार मजले आम्ही एकेकटीने नेऊन पाहिलं. तीनजणींनी नेलं, पण वर गेल्यावर हात थरथरत होते, आणि थरथरत्या हाताने पात्यासमोर उभं राहायचं नसतं. मग दोन्ही बाजूंनी जाड पट्टे बांधून दोघींनी नेलं. काही त्रास झाला नाही. म्हणून निकाल असा : दोघींचं यंत्र. पातं पूर्ण खाली करून, वायर गुंडाळूनच न्यायचं. दोघींनी उचलण्यात कमीपणा नाही. पुरुषही जड वस्तू दोघं मिळून उचलतात, तेव्हा त्यांना कुणी नाजूक म्हणत नाही.

आता माझं हे बोट बघा. डावी तर्जनी, पेरभर कमी आहे. हे का सांगते, तर यंत्र घ्यायचं की नाही या भांडणाचं मूळ या बोटात आहे.

आपल्याकडे बहुतेक साइटवर खरं टेबल सॉ नसतंच. प्लायचं टेबल ठोकतात, त्याला भोक पाडतात आणि खालून हातातला कटर उलटा बसवतात. हा चार इंची कटर मुळात फरशी कापायला बनवलेला. मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे घेतो. टेबलाखाली बसवताना त्याचं झाकण काढून टाकतात. बटण कायमचं चालू करून ठेवतात, बंद करायचं तर प्लग ओढायचा. स्वस्तात काम होतं म्हणून सगळे वापरतात. मीही वापरला. एका ठेकेदाराच्या साइटवर सागवानाची पट्टी चिरताना गाठ आली, पट्टीने पातं आवळलं, पट्टी उसळली आणि हात पुढे गेला. बंद करायला प्लग भिंतीपाशी होता.

ठेकेदार म्हणाला, “बाईला मशीनवर उभं केलं हीच चूक झाली.” त्याच कामावर तसल्याच टेबलाने दोन पुरुषांची बोटं गेली होती. पुरुषाला मशीनवर उभं केलं ही चूक झाली, असं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं. अपघाताची नोंद झाली नाही. हजेरीच्या वहीत माझ्या नावापुढे ‘बिगारी’ लिहिलेलं होतं. बिगारी बाई मशीनवर काय करत होती, असा उलटा प्रश्न मलाच आला.

म्हणून यंत्र बघताना मी सगळ्यात आधी पात्याच्या मागे काय आहे ते बघितलं. चांगल्या टेबल सॉला पात्याच्या पाठीशी एक वाकडी पोलादी पट्टी असते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. पातं वरखाली केलं की तीही वरखाली होते. चिरलेली फळी पुन्हा मिटून पात्याला आवळत असेल तर ही पट्टी मध्ये येते. ती नसेल तर मागून वर येणारे दात फळी उचलतात आणि आपल्या अंगावर फेकतात. माझ्या उलट्या कटरला ती पट्टी नव्हती. त्या दिवशी कमी होती ती ही पट्टी, वरचं झाकण आणि हाताशी एक बटण. माझ्या बाईपणाचा त्यात काही संबंध नव्हता.

या यंत्राला तिन्ही गोष्टी आहेत. बटण पुढे आहे, मांडीनेही बंद करता येतं. फळी ढकलायला काठी मिळते, ती आम्ही आणखी लांब करून घेतली, कारण आमचे हात आखूड आहेत. एक दोष मात्र सांगते. बटण बंद केल्यावरही पातं काही वेळ फिरत राहतं. आवाज मंदावला की काम संपलं असं वाटून हात पुढे जातो. पातं डोळ्यांनी थांबलेलं दिसल्याशिवाय कुणी तुकडा उचलायचा नाही, हा आमचा नियम.

आता कामाचं. आठ फुटी पट्ट्या चिरल्या आणि दोन्ही टोकं मोजली. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत. फेन्स दातेरी चक्रावर सरकते, त्यामुळे पुढून-मागून सारखीच राहते. रुंदी चोवीस इंचांपर्यंत बसते, म्हणजे चार फुटी प्लाय उभा निम्मा करता येतो. पण अख्खा प्लाय याच्यावर चढवला तर हलकं यंत्रच कलंडायला लागतं. हलकेपणाची ही किंमत. त्यासाठी मागे आधाराला घोडी लावावी लागते, नाहीतर आधी हातकटरने प्लायचे तुकडे करून घ्यावे लागतात. खोली ६५ मिलिमीटर. अडीच इंची चौकट जेमतेम निघते, तीन इंची एका दमात निघत नाही. दहा इंची पात्याचं यंत्र साधारण ८० मिलिमीटर कापतं, पण ते चार-पाच किलोंनी जड. आमचं काम अंगणवाडीची कपाटं, ट्रॉल्या आणि दारांचं. आम्हाला हे पुरतं. तुम्ही चौकटी जास्त करत असाल तर दुसरं बघा.

सोबत आलेलं चोवीस दाती पातं लाकूड चिरायला चांगलं, पण सनमायकाच्या कडा फोडतं. प्लायसाठी अठ्ठेचाळीस ते साठ दातांचं वेगळं लागतं. ते घेताना जाडी बघा. मागच्या पोलादी पट्टीपेक्षा पात्याची चीर रुंदच हवी, नाहीतर फळी पट्टीवर अडते आणि कुणीतरी हुशार माणूस पट्टीच काढून ठेवतो. वीज सुमारे आठ अँपिअर खाते. साइटवरच्या बारीक वायरीवर लावलं तर मोटर घुरघुरते आणि तापते. जाड वायर स्वतःची ठेवा.

टेबलाची उंची हा खास आपला प्रश्न आहे. तयार स्टँडवर मला खांदे वर उचलून ढकलावं लागत होतं. जोर कंबरेतून यायला हवा, तो मनगटातून यायला लागला. आम्ही लाकडाचं बुटकं स्टँड बनवलं आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपल्या. उपकरण आपल्याला बसत नाही, तेव्हा आपण अंग वाकवतो. सुताराने तरी असं करू नये.

कपड्यांवरून भांडण झालं ते मात्र घरी. फिरत्या पात्याजवळ ओढणी नको, पदर नको, सुटे केस नकोत, बांगड्या आणि मंगळसूत्रही नको. हातमोजेसुद्धा नकोत, ते हाताला आत ओढतात. एकीला घरून सांगितलं गेलं, “गळा मोकळा ठेवून कामाला जायचं नाही.” आम्ही चारजणी तिच्या घरी गेलो. माझं बोट दाखवलं. सासूबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कामावर काढ, घरी आल्यावर घाल.” यावरही आमच्यात मतभेद आहेत, पण ती कामावर आली.

भुशाकडे कुणी लक्ष देत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये लाकडाचा भुसा कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातला. पदर नाकाला बांधून भागत नाही, मास्क हवा, कानात बोळे हवेत. त्यासाठी पैसे वेगळे काढा.

कुणी विचारेल, बोट कापणारच नाही असं यंत्र नाही का? आहे. अमेरिकेत एका शोधकाने १९९९मध्ये ते शोधलं, २००४पासून विकलं जातं. कातडीचा स्पर्श झाला की पातं पाच हजारांश सेकंदात थांबतं. त्याचं साइटवर नेण्याजोगं छोटं रूप नंतर आलं, पण तेही तीस किलोंच्या पुढचं आणि आपल्याला परवडणारं नाही. तिथे टेबल सॉमुळे दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं दवाखान्यात जातात. ही सोय सक्तीची करायचा प्रस्ताव सरकारने २०१७मध्ये मांडला आणि २०२५मध्ये मागे घेतला. म्हणजे बोट वाचवायची युक्ती सापडून पंचवीस वर्षं झाली, पण ते कुणाच्या पैशाने वाचवायचं हे अजून ठरलेलं नाही. माझ्या ठेकेदाराचा हिशोबही हाच होता.

शेवटी आम्ही ते यंत्र घेतलं, पण अटी घालून. पावती गटाच्या नावावर, कुणाच्या नवऱ्याच्या किंवा भावाच्या नाही. झाकण आणि मागची पट्टी काढणारी कुणीही असो, तिला त्या दिवशी काम नाही. नऊच्या नऊजणींनी यंत्र शिकायचं. नाहीतर आमच्यातच दोन मिस्त्री आणि सात बिगारी तयार होतील. आणि कामाच्या दाखल्यावर ‘सुतार’ हाच शब्द लिहून घ्यायचा. कल्याणकारी मंडळात नोंदणी करताना मला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागला. ठेकेदाराने त्यावर ‘बिगारी’ लिहिलं होतं. मी तो दोनदा परत केला. तिसऱ्यांदा ‘सुतार’ लिहून मिळालं.

तुमच्या गटात यंत्र येईल, शिवणाचं असो, गिरणीचं असो, शेतातलं असो, तेव्हा ‘बाईला झेपेल का’ या प्रश्नाला उत्तर देत बसू नका. यंत्राला प्रश्न विचारा. तुझं झाकण कुठे आहे? तुझं बटण माझ्या हाताशी आहे का? तू माझ्या उंचीचं आहेस का? तुझी पावती कुणाच्या नावावर? ही उत्तरं नीट मिळाली नाहीत तर ते यंत्र आपल्या कामाचं नाही.

यंत्र बाहेर ओसरीवर ठेवलं आहे. जेवणानंतर ज्यांना चालवून बघायचं आहे त्यांनी या. बांगड्या काढून या.