कोर्टाची पायरी किती लांब?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपण म्हणतो. माझ्या आजोबांपुढचा प्रश्न वेगळाच होता. ती पायरी आहे तरी कुठे?

श्रोतेहो, आमचं झरी हे परभणी तालुक्यातलं गाव. हैदराबाद संस्थानात पहिल्या सालारजंगांनी 1865 साली जिल्हाबंदी केली. जिल्ह्याचा मुख्य अधिकारी म्हणजे अव्वल तालुकदार. शेतसाराही त्यानेच घ्यायचा आणि न्यायही त्यानेच द्यायचा! ही दोन कामं वेगळी करण्याचं फर्मान 1921 साली निघालं. वरचं अपील मात्र हैदराबादला, मुसा नदीकाठच्या हायकोर्टात. त्याची भव्य इमारत 1920 साली उघडली होती.

कामकाज उर्दूत चाले. आमच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या निकालाची नक्कल आहे. आजोबांना ती वाचता येत नव्हती. गावात कुणी जाणकार आला की ते कागद पुढे करत. वाचणारा बदलला की अर्थही थोडा बदले. स्वतःच्याच शेताबद्दल काय लिहिलंय, याची त्यांना कधी खात्री वाटली नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हायकोर्ट मुंबईला आलं. मराठी मुलखात आलो खरे, पण परभणीहून मुंबई पाचशे किलोमीटरांच्या पुढे. तेव्हा आपली रेल्वे मीटरगेज, म्हणून मनमाडला गाडी बदलायची. एका तारखेसाठी तीन दिवस मोडत. सुगीत हे कुणाला परवडणार?

अखेर 27 ऑगस्ट 1981 रोजी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, खंडपीठाचं काम सुरू झालं. त्यालाही आव्हान दिलं गेलं. 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्तींचा निर्णय उचलून धरला आणि 1984 साली खंडपीठ कायम झालं. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ज्या कलमाने हे घडलं, त्याच कलमाने 2025 साली कोल्हापूरलाही सर्किट बेंच मिळालं.

इकडे जिल्हाही लहान होत गेला. 1981 साली परतूर जालन्यात गेलं, 1999 साली हिंगोली वेगळी झाली. परभणीकरांना हळहळ वाटली. पण हिंगोली, कळमनुरीच्या माणसाची वाट कमी झाली, हेही खरं.

आता उरलं आहे ते खर्चाचं अंतर. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा आहे. त्यानुसार महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीतला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं. अर्ज तालुक्याच्या कोर्टातच करता येतो.

मात्र सही करण्यापूर्वी कागद स्वतः वाचा. आजोबांना ते जमलं नाही, आपल्याला जमतं.