चाकांच्या फळीवरून परकें शहर

परक्या शहराची ओळख करून घेण्याच्या रीति अनेक आहेत. कोणी मोटारींतून हिंडतो, कोणी नकाशा हातीं घेऊन पायीं फिरतो. अलीकडे कांहीं तरुण प्रवासी मात्र बगलेंत एक फळी मारून एकटेच निघतात. पावणेदोन हात लांब, वीतभर रुंद लाकडी फळी आणि तिच्याखालीं चार लहान चाकें, एवढाच हा सरंजाम. यालाच स्केटबोर्ड म्हणतात. १९५० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियांतील लाटांवर स्वार होणाऱ्या मुलांमध्यें हा खेळ रुजला. पुढें १९७० नंतर कठीण चाकांच्या जागीं पॉलियुरेथेनचीं चाकें आलीं आणि खडबडीत रस्त्यावरहि फळीचा पाय ठरूं लागला.

असा एक प्रवासी स्पेनमधील बार्सिलोना शहरीं उतरला आहे, अशी श्रोत्यांनीं कल्पना करावी. त्यास पहिला धडा मिळतो तो उताराचा. शहराच्या एका अंगास डोंगर आहेत, दुसऱ्या अंगास भूमध्य समुद्र. मधल्या विस्ताराची आखणी इल्डेफॉन्स सेर्दा या इंजिनियराची असून ती १८५९ सालीं मंजूर झाली. सारख्या मापाचे चौक, कापलेले कोपरे, सरळ रस्ते. एक चौक पाहावा तर दुसरा तसाच! नवखा माणूस येथें हटकून चुकतो. परंतु फळी आपण होऊन घरंगळूं लागली कीं समुद्र समोर आहे, आणि पायानें रेटा द्यावा लागला कीं तोंड डोंगराकडे आहे, हें फळीस्वारास तासाभरांत उमजतें. तेथील रहिवासीहि वाट सांगतांना ‘समुद्राकडची बाजू’, ‘डोंगराकडची बाजू’ असेंच बोलतात.

दुसरा धडा फरसबंदीचा. पादपथांवर वीतभर चौरस सिमेंटच्या लाद्या असून त्यांवर फुलांची नक्षी कोरलेली असते. डोळ्यांस ती गोजिरवाणी, पण तिच्या खांचांवरून चाकें गेलीं म्हणजे दांत खिळखिळे होतात. जुन्या गॉथिक वस्तींत तर गल्ल्या अरुंद, फरशी दगडी व गर्दी दाट. तेथें फळी उचलून निमूटपणें पायीं चालावें हेंच बरें. शिवाय, पादपथावर फळी माणसाच्या चालीनेंच न्यावी, असा स्पेनच्या रहदारीचा दंडक आहे.

तिसरा धडा सर्वांत मोलाचा. रावाल नांवाच्या जुन्या वस्तींत रिचर्ड मायर या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञानें रचलेलें आधुनिक कलेचें संग्रहालय १९९५ सालीं उघडलें. त्यासमोरील गुळगुळीत चौक जगभरच्या फळीस्वारांचें तीर्थच होऊन बसला. एकट्या प्रवाशास तेथें भाषेवांचून सोबत मिळते. तो पडला तर अनोळखी हात पुढें होतो. त्याची कसरत साधली तर अनोळखी लोक आपापल्या फळ्या जमिनीवर आपटून त्याची वाहवा करतात.

परंतु त्या चौकाभोंवतीं माणसांचीं घरेंहि आहेत. फळी दगडावर आपटल्याचा कडकडाट भिंतींवरून दुणावतो. आजारी म्हाताऱ्यास, पहांटे कामावर जाणाऱ्या बाईस आणि पाळण्यांतील मुलास तो कसा वाटत असेल? ज्याचें जळतें त्यालाच कळतें. २००६ सालीं अंमलांत आलेल्या नागरी नियमांत, नेमून दिलेल्या जागांखेरीज इतरत्र अशा कसरतींस मनाई करून दंड ठेवण्यांत आला. फळीस्वार म्हणत, चौक सर्वांचा आहे. रहिवासी म्हणत, सर्वांत आम्हीहि आलोंच. दोघांचेंहि म्हणणें खोटें नव्हे.

तथापि पाहुणा चार दिवसांनीं आपली फळी घेऊन निघून जातो; रात्री झोपावयाचें असतें तें त्या घरांतील माणसांस. म्हणून ज्यानें दिवसा उतारावरून समुद्र शोधला, त्यानें दिवेलागणीनंतर लोकांच्या खिडक्यांखालून जातांना फळीवरून उतरावें, ती काखेंत घ्यावी आणि हळूच चालत मुक्कामीं जावें. परकें शहर पाहून झालें, असें मग त्यानें खुशाल म्हणावें.