आधी हवा मोजा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलावताना सांगितलं होतं, कविता म्हण. कविता मागाहून. आज भीतीबद्दल बोलतो. मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. गोण्या, भंगार, ओंडके, जे येईल ते उतरवतो. मुकादमाला मी भीत नाही. हवेला भितो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या टोळीला ओंडक्यांच्या बोटीवर लावलं. हॅच नुकतीच उघडलेली. खाली जायची शिडी एका बंद बोळकांडीतून जाते, तिथं वारा पोचत नाही. माझ्या पुढच्या म्हाताऱ्यानं शिडीवर पाय ठेवला आन् मागं घेतला. म्हणाला, "पोरा, थांब. आत हवा मेलेली हाय." मुकादम वरनं ओरडला, "भित्रे साले! गूळ खा आन् उतरा."

गूळ! धुळीचं काम निघालं की आमच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. गुळानं घसा ओला होतो, फुप्फुसातली धूळ काही निघत नाही. आणि इथं तर धूळ पण नव्हती.

म्हाताऱ्याचं बरोबर होतं. ओंडके, कोळसा, गंजणारं भंगार बंद हॅचमधला प्राणवायू खाऊन टाकतात. बाहेरच्या हवेत तो २१ टक्के असतो. १० च्या खाली गेला तर माणूस शिडीवरच शुद्ध हरपतो. वास नाही, रंग नाही, खोकला नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो, तो त्याच्यावरच पडतो. हवा मापायचं यंत्र मुठीत मावतं. आम्ही ते मागितलं. साहेब म्हणाले, तुम्ही घबराट पसरवताय. आम्ही अडून बसलो. दोन तास पंखा लावून ठेवला, मग उतरलो. अर्ध्या दिवसाची हजेरी कापली.

साहेबांना घबराट म्हणजे काय ते १४ एप्रिल १९४४ ला विचारायला पाहिजे होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' बोट लागलेली. पोटात कापसाच्या गासड्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकं, एकाच बोटीत! धोक्याच्या मालाचा लाल बावटा वर लावलेलाच नव्हता. दुपारी धूर दिसला, चार वाजून गेल्यावर बोट उडाली. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मेले किती? कोणी ८०० म्हणतं, कोणी १३००. बोटीत सोनंही होतं. त्यातली वीट २०११ साली सुद्धा गाळातून काढली. हमालांचा पक्का आकडा काही गाळातून निघाला नाही. त्या दिवशी बाबासाहेबांना ५३ वर्षं पूर्ण झाली होती, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडंच होतं. जयंतीला आपण निळ्या झेंड्याखाली नाचतो, नाचायलाच पाहिजे. पण त्या न लागलेल्या लाल बावट्याचीही आठवण ठेवा.

भोपाळचं तेच. १९८१ च्या डिसेंबरात कारखान्यात फॉस्जीननं एक कामगार मेला. कामगारांनी पत्रकं लावून गावाला सावध केलं. ती पण घबराटच ठरली. तीन वर्षांनी, २ डिसेंबर १९८४ च्या रात्री, टाकीतून विषारी वायू सुटला.

मग १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. कामगाराला 'रास्त भीती' वाटली तर त्यानं मालकाला कळवावं, इन्स्पेक्टरला कळवावं. २०२० च्या संहितेतही तो हक्क आलाय. बघा, ज्याला साहेब घबराट म्हणतो त्याला कायदा रास्त भीती म्हणतो. मालक आन् कामगाराचं जमलं नाही तर शेवटचा शब्द मात्र इन्स्पेक्टरचा. तो येईस्तोवर शिडीवर कोण उभा राहणार, ते कायद्यात नाही.

कोण उभा राहतो ते आपल्याला ठाऊक आहे. गटारात कोण उतरतो तेही. तिथं पण हवाच मारते. २०१३ च्या कायद्यानं संरक्षणाशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी केली, तरी उतरवतात, आणि उतरणाऱ्याची जात विचारावी लागत नाही.

उद्या सकाळच्या पाळीला भंगाराची बोट आहे. आम्ही सतरा जणांनी अर्जावर सह्या केल्यात, पाच अंगठे आहेत. अर्ज असा: आधी हवा मोजा, आकडा फळ्यावर खडूनं लिहा, मग उतरू. दुसरा अर्ज इन्स्पेक्टरला करायचाय. ज्याला कायद्याची भाषा लिहिता येते त्यानं शिबिर सुटल्यावर थांबावं. कागद मी आणलाय.