साचा किती घट्ट असावा?

मांजर्लीत राहणाऱ्या माणसाला पितळ म्हटले की समई किंवा पानदान आठवण्याआधी शेजारच्या अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी आठवते. १९५३ पासूनची ही फॅक्टरी. बदलापुरातली कितीतरी घरे तिच्या पगारावर उभी राहिली. २०२१ मध्ये देशभरच्या अशा कारखान्यांच्या कंपन्या झाल्या आणि ती 'यंत्र इंडिया'मध्ये गेली. काडतुसाची पुंगळी ज्यातून घडते त्या पितळेच्या छोट्या वाट्या इथे तयार होतात. खडकी, वरणगाव इथल्या कारखान्यांत काडतुसे बनतात.

या पितळात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असते. वाटी साच्यातून ओढत ओढत तिची लांब पुंगळी करतात. प्रत्येक ओढीबरोबर पितळ कठीण होत जाते. म्हणून मध्येच ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीरही हेच करतो. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला, की तो भट्टीला दाखवतो. न तापवता ठोकतच राहिला, तर भांड्याला चीर जाते.

श्रोतेहो, वापरलेल्या पुंगळीची गोष्टही अशीच आहे. बार उडाला की पुंगळी फुगते, नळीच्या मागच्या खोबणीला घट्ट चिकटते आणि तापलेला वायू मागे येऊ देत नाही. क्षणात ती थोडी आकसते, पण मूळ मापावर येत नाही. अमेरिकेत अशा पुंगळ्या गोळा करून घरी पुन्हा भरण्याचा छंद अनेकांना आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. पण त्या छंदातला एक जुना वाद ऐकण्यासारखा आहे.

पुंगळी भरण्याआधी ती साच्यात दाबून मापावर आणतात. पिस्तुलाच्या पुंगळीसाठी काही जण नेहमीपेक्षा किंचित लहान साचा वापरतात. लहान म्हणजे किती? इंचाचे हजार भाग केले तर त्यातले एखाद-दोन. कारणही खरे आहे. पुंगळीचे तोंड सैल राहिले तर पिस्तुलात चढताना धक्क्याने गोळी आत सरकते. आतली जागा कमी होते, दाब एकदम वाढतो आणि हत्यार हातात फुटू शकते. घट्ट साच्यातून काढलेली पुंगळी गोळीला पक्की धरून ठेवते.

मग सगळ्यांनीच घट्ट साचा का वापरू नये? कारण पितळाला त्याची किंमत मोजावी लागते. दर वेळी जास्त दाबायचे आणि बाराने पुन्हा जास्त फुगायचे, यात ते लवकर कडक होते आणि तोंडाशी चिरते. गोळी शिशाची असेल तर आवळलेली पुंगळी तिलाच दाबून बारीक करते, आणि नेम सुधारण्याऐवजी बिघडतो. जिची भिंत पातळ आहे आणि जी गोळी धरतच नाही, त्या पुंगळीला हा साचा औषध आहे. धडधाकट पुंगळीला तो विनाकारण मार आहे.

दाबाचा हिशेब नेहमी लगेच दिसतो असेही नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पावसाळाभर साठवलेली काडतुसे न वापरताच तडकलेली निघत. पावसाळी हंगामात हे होई, म्हणून या रोगाला नावही हंगामावरून पडले. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी त्याचा उलगडा केला. साठे तबेल्यांजवळ असत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेतून पितळापर्यंत पोचे. पण अमोनिया केवळ निमित्त होता. पुंगळी घडवताना दिलेला ताण आत तसाच राहिलेला असे, तो त्या हवेत बाहेर पडे. उपाय साधा निघाला. पुंगळी मंद आचेवर तापवून तो ताण आधीच काढून टाकायचा.

हे मी यंत्रावरचे व्याख्यान म्हणून सांगत नाही. मी मराठीत कविता लिहिणारा मुसलमान आहे आणि साच्यांशी माझा रोजचा संबंध आहे. वृत्त हा साचा मी आपणहून घेतला. तो सैल सोडला तर ओळ अर्थ धरत नाही, म्हणून मी तो मानतो. पण दुसरेही साचे पुढे येतात. कुणी म्हणते, तुमच्या कवितेत थोडी उर्दू यायला हवी, नाहीतर ती तुमची वाटत नाही. कुणी घरचेच विचारते, मराठीतच का? दोघेही आपुलकीने बोलतात. दोघांच्या हातातला साचा मात्र माझ्या मापापेक्षा हजारांश इंच लहान असतो. एकदा दाबल्याने काही होत नाही, आणि म्हणूनच दाबणाऱ्याला काही कळत नाही.

आपल्या घरांतही आपण मुलांना, सुनांना, म्हाताऱ्यांना मापावर आणत असतो. काही माप लागतेच. पण कुणी शांतपणे सगळे सोसते आहे, म्हणजे ते बसले आहे असे धरून चालू नये. फॅक्टरीत दोन ओढींच्या मधे भट्टी ठेवलेली असते. ती कुणाच्या दयेने ठेवलेली नसते. तिच्याशिवाय पुढची ओढ पितळाला झेपत नाही, हे तिथल्या कामगाराला पक्के ठाऊक असते.