प्रयोगशाळेतून टिपऱ्यांच्या घरी

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमच्यातले कितीतरी जण आता तारापूर एमआयडीसीतल्या औषधांच्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला लागतील. कुणी अणुवीज केंद्राच्या भरतीची तयारी करेल, कुणी पहाटेची डहाणू लोकल पकडून मुंबई गाठेल. तुमच्यासमोर मी एका विनोदी लेखकाबद्दल बोलणार आहे, कारण तो तुमच्याच वाटेवरून आलेला आहे. दिलीप प्रभावळकर रसायनशास्त्र शिकले, भाभा अणुसंशोधन केंद्रातून त्यांनी बायोफिजिक्सची पदविका घेतली आणि औषध कंपनीत नोकरी केली. रंगभूमीची ओढ होतीच. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’त ते चेटकीण झाले आणि त्याच मतकरींच्या ‘आरण्यक’मध्ये विदुर. चेटकीण आणि विदुर! दोन्ही मनापासून करणाऱ्या माणसाला पुढे कुठल्याच कामाचं वावडं उरलं नाही, यात मला नवल वाटत नाही.

मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं. त्याच दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींचा चिमणराव छोट्या पडद्यावर आला आणि त्या भूमिकेतून प्रभावळकर घराघरांत पोचले. चिं. वि. हे बडोद्याला पाली शिकवणारे प्राध्यापक. त्यांचा चिमणराव भित्रा, मध्यमवर्गीय, सतत फजित होणारा, पण त्याचा अपमान व्हावा असं वाचणाऱ्याला कधी वाटत नाही. प्रभावळकरांच्या स्वतःच्या लेखनातही पुढे मला हाच धागा दिसतो.

लोकांना आवडलेला चिमणराव ते जन्मभर करू शकले असते. पण त्यांनी ‘हसवाफसवी’ हे नाटक लिहिलं आणि त्यातल्या सहा भूमिका स्वतः केल्या. त्यातले कृष्णराव हेरंबकर आठवा. संगीत नाटकाचा जमाना सरल्यावर मागे राहिलेला हा म्हातारा गायक नट. थकलेलं शरीर, विस्कटणाऱ्या आठवणी. त्याच्या बोलण्याला प्रेक्षक हसतात आणि हसता हसता त्यांचा घसा दाटतो. लेखकाने त्या म्हाताऱ्याची टर उडवलेली नाही. त्याची लय, त्याचा दम लागणं, गाण्याचा विषय निघताच ताठ होणारी मान, हे सगळं बारकाईने पाहिलेलं आहे. विनोदी लेखनातला सगळ्यात अवघड भाग मला हाच वाटतो.

मग ‘अनुदिनी’. वर्तमानपत्रातलं हे सदर म्हणजे टिपरे कुटुंबातल्या माणसांच्या रोजनिश्या. नंतर त्याचं पुस्तक झालं आणि २००१ साली अल्फा मराठीवर केदार शिंदे यांच्या दिग्दर्शनाखाली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका आली. टिपऱ्यांच्या घरातले आजोबा, म्हणजे आबा, स्वतः प्रभावळकर. इथे थोडं थांबतो, कारण एका माध्यमातून दुसऱ्यात जाताना काय करावं लागतं ते इथे स्वच्छ दिसतं. रोजनिशी वाचताना घडलेला प्रसंग आपल्याला दिसत नाही. लिहिणारा काय सांगतो आणि काय झाकतो, तेवढ्यावर हसू येतं. पडद्यावर मात्र सगळं डोळ्यांसमोर घडून गेलेलं असतं. मग शेवटी घरातलं कुणी वही उघडून लिहायला बसतं, तेव्हा तेच पुन्हा सांगून चालत नाही. दिवसभर जे तोंडातून निघालं नाही ते तिथे यावं लागतं. म्हणून त्या मालिकेतले शेवटचे काही क्षण इतके हळवे वाटतात. माध्यम बदललं की लेखकाला नव्याने उमेदवारी करावी लागते. नावलौकिक तिथे उपयोगी पडत नाही.

मुलांसाठी त्यांनी ‘बोक्या सातबंडे’ लिहिला, २००९ साली त्यावर चित्रपट झाला. ‘चौकट राजा’तला नंदू, ‘झपाटलेला’तला तात्या विंचू आणि २००६ साली ‘लगे रहो मुन्नाभाई’तले गांधीजी हे एकाच माणसाने केलेत, हे नव्या प्रेक्षकाला सांगावं लागतं. त्या गांधीजींसाठी आणि ‘शेवरी’ या चित्रपटासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

हे सगळं मी पालघरात सांगतोय, त्याला कारण आहे. हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, पण इथली माणसं फार जुनी आहेत. केळवे-माहीमची वाडवळी, सातपाटीची मांगेली, डहाणू-तलासरीची वारली बोली, आणि त्यांत आता मिसळलेली बोईसरच्या चाळींतली उत्तर भारतातून आलेली कामगार कुटुंबं. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्याच्या उत्सवात मुखवटे रात्र रात्र नाचतात. एवढी माणसं, एवढ्या तऱ्हेचं हसणं! आणि मराठी विनोद बहुतेक वेळा गिरगाव, पार्ले आणि पुण्याच्या पेठांतच रमला. मला याचं मनापासून वाईट वाटतं. सातपाटीच्या मासळी बाजारातली घासाघीस, रात्रपाळी संपवून एकाच रिक्षात कोंबून बसलेल्या चार भाषांच्या चार केमिस्टांच्या गप्पा, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

नोकरी सोडा असं मी म्हणणार नाही. घरी हप्ते असतात, धाकटी भावंडं असतात. लॅबमधली निरीक्षणाची सवय मात्र गेटवर ठेवून येऊ नका. शिफ्ट सुटल्यावर ऐकलेलं एखादं बोलणं त्याच रात्री, जसंच्या तसं, वहीत उतरवा. आणि तुमच्या आजीचं बोलणं लिहाल तेव्हा ते पुस्तकी मराठीत नीटनेटकं करू नका. ती ज्या बोलीत बोलली, त्याच बोलीत राहू द्या.